पुन्हा गोदावरीपर्यंत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे मी एकत्र घेतली आहेत, कारण समोरचा माणूस रागाने बोलत असताना आपण प्रेमाने आणि शांतपणे वागायचे म्हणजे नेमके काय करायचे, हाच प्रश्न चौघांनीही आपापल्या परीने विचारला आहे. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत आणि तालुकाही लिहिलेला नाही. आपल्या भागात तालुका कळला की घर कळायला फार वेळ लागत नाही.

प्रश्न : ताई, आमचे लातूर जिल्ह्यात सहा एकर कोरडवाहू रान आहे. दोन वर्षांपासून सोयाबीनने हात दिलेला नाही. आमचे मालक मोंढ्यावरून आले की चपला काढायच्या आधीच त्यांचा आवाज सुरू होतो. भाकरी करपली, वासरू सुटले, मुलाने वही मागितली, कोणतेही निमित्त पुरते. ते हात उचलत नाहीत, परंतु बोलणे असे असते की शेजारच्या घरातले लोक बाहेर येऊन उभे राहतात. माहेरी सांगितले तर आई म्हणते, "एकनाथ महाराजांच्या अंगावर थुंकले तरी ते शांत राहिले, तुला एवढेही सोसवत नाही का?" सप्ताहातल्या कीर्तनातही तेच ऐकले. दीड वर्ष झाले, मी एक शब्द उलट बोललेले नाही. पण आतून मी शांत नाही. मी रात्री झोपेत दात खाते, असे मुलगी सांगते. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर : दात खाण्याचे मुलीने सांगितले आणि तुम्ही ते लपवले नाही, हे फार बरे झाले. तोंड गप्प बसवता येते, शरीराला गप्प बसवता येत नाही. तुमचे काही चुकले असे मला वाटत नाही. नाथांची गोष्ट मात्र तुम्हाला अर्धीच सांगितली गेली आहे, म्हणून आधी ती पुन्हा एकदा पाहू.

पैठणची ही आख्यायिका आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. नाथ गोदावरीत स्नान करून परतताना वाटेत एक यवन त्यांच्या अंगावर थुंकला, नाथ काही न बोलता पुन्हा नदीवर गेले, परतताना पुन्हा तेच घडले, आणि असे एका दिवसात १०८ वेळा झाल्यावर अखेर थुंकणाराच ओशाळला, असे सांगतात. कीर्तनात सगळा भर त्या १०८ वर आणि नाथांच्या न रागावण्यावर असतो. नदीवर परत जाण्याकडे कोणी फारसे पाहत नाही, आणि मला तर गोष्टीतला तोच भाग महत्त्वाचा वाटतो. नाथांनी ती थुंकी अंगावर वाळू दिली नाही, ती तशीच घेऊन ते घरी गेले नाहीत आणि उद्यापासून स्नानाची वाटही बदलली नाही. दर वेळी त्यांनी ती धुतली. तुम्ही दीड वर्ष जे केले, ते साठवणे आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते, म्हणून आईची आणि कीर्तनकारांची गल्लत झाली.

दुसरे असे की, नाथांना "सोस" असे सांगणारा कोणी तिसरा माणूस त्या गोष्टीत नाही. तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. शांत राहण्याचा उपदेश ज्याच्यावर थुंकले गेले त्याने फार तर स्वतःला करावा. ओट्यावर बसून पाहणाऱ्यांनी तो करू नये. तुमच्या आईंना मी दोष देत नाही, त्यांनाही त्यांच्या आईने हेच सांगितलेले असणार. आणि नाथ केवळ सोशिक होते असेही नाही. श्राद्धासाठी रांधलेले अन्न त्यांनी त्या काळी अस्पृश्य मानलेल्या कुटुंबाला जेवू घातले आणि त्यापायी पैठणच्या ब्रह्मवृंदाचा रोष ओढवून घेतला, हीही कथा त्यांचीच आहे. लोक रागावतील म्हणून हा माणूस ताट मागे घेत नव्हता.

आता धुणे म्हणजे काय, हे तुमच्या घरापुरते पाहू. समोरून आवाज चढला की आपली छाती धडधडते, हातपाय आखडतात, श्वास वर अडकतो. त्या अवस्थेत शहाणपणाचे बोलणे कोणालाच सुचत नाही, तुम्हालाही नाही आणि त्यांनाही नाही. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी नवराबायकोंची भांडणे समोर बसून, हृदयाचे ठोके मोजत अभ्यासली. अशा वेळी निदान वीस मिनिटे बाजूला व्हावे, असे ते सांगतात. मात्र त्या वीस मिनिटांत भांडणच मनात घोळवत बसले तर उपयोग होत नाही. म्हणून गोठ्यात जा, पाणी शेंदा, मुलाची वही पाहा. श्वास जेवढा वेळ आत घ्याल त्याहून अधिक वेळ बाहेर सोडा. चार मोजेपर्यंत आत, सात मोजेपर्यंत बाहेर, असे दहा वेळा करा. श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते, ही शरीराचीच रचना आहे आणि त्यासाठी कोणाची दीक्षा घ्यावी लागत नाही. भांडी आपटून मात्र काही धुतले जात नाही. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अपमान करणाऱ्याला मनात आणून पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग नुसते बसून राहिलेल्यांच्या रागापेक्षा अधिक निघाला. माझा अनुभवही वेगळा नाही. आमच्या एका पातेल्याला १९९० च्या सुमाराचा पोचा अजून आहे.

मग बोलायचे काय? दीड वर्ष न बोललेल्या माणसाने एकदम मोठे बोलू नये. एवढेच म्हणा, "मला तुमचं ऐकायचंय. पण अशा आवाजात काही कळत नाही. जेवण होऊ द्या, मग सगळं सांगा." आणि जेवण झाल्यावर खरोखर जाऊन बसा. ही दुसरी अर्धी गोष्ट राहिली तर पहिली नुसती टाळाटाळ ठरते. पहिल्या चार-पाच वेळा त्यांचा आवाज आणखी चढेल, कारण घरातली सवय मोडताना तसे होतेच. तेवढ्यावरून उपाय फसला असे समजू नका.

प्रेमाची जागा मला त्या जेवणानंतरच्या बसण्यात दिसते. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता आणि मोंढ्यावर कित्येक दिवस त्याहून बरेच कमी पुकारले जात होते. खरेदी केंद्रावर जावे तर ओलाव्याचे कारण सांगून माल परत पाठवत. पुढच्या वर्षी हमीभाव ५,३२८ रुपयांवर गेला, तर सप्टेंबरच्या पावसाने रानेच वाहून नेली. आडत्यापुढे, बँकेत आणि सोसायटीत ज्याला आवाज चढवता येत नाही, तो माणूस घरी येऊन चढवतो, कारण तेथून त्याला कोणी हाकलून देत नाही. याने त्यांचे वागणे योग्य ठरत नाही. परंतु राग भाकरीचा नाही हे कळले, की भाकरीबद्दल खुलासे देण्याचे तुमचे श्रम वाचतात. त्यांना शांतपणे विचारा, एकूण देणे किती आहे, सोसायटीचे किती, सावकाराचे किती, हातउसने किती. आपल्याकडे पुष्कळ घरांत हा आकडा एकट्या पुरुषाच्या डोक्यात असतो आणि त्याच्या लाजेपायी तो कोणाला सांगत नाही. तो आकडा वहीवर दोघांच्या समोर आला, तर त्या संध्याकाळपुरते तरी ओझे दोन माणसांत वाटले जाईल.

दोन गोष्टी स्पष्टच लिहिते. हात उचलला गेला, किंवा बोलणे धमकीवर आणि रोजच्या अपमानावर गेले, तर श्वास मोजत बसू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळही येतो. १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा तातडीचे असेल तर ११२ वर फोन करा. असा फोन केल्याने तुमचे प्रेम कमी ठरत नाही. आणि मालकांच्या बोलण्यात "मी असून उपयोग काय" असे शब्द येऊ लागले, तर तो राग आहे असे समजून सोडून देऊ नका. फवारणीची औषधे कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्या कोणाकडे द्या, त्यांना एकटे सोडू नका आणि १४४१६ वर फोन लावा. ती सरकारी मानसिक आरोग्य सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येते आणि तिला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. अतिवृष्टीच्या अनुदानाची ई-केवायसी करायला सकाळी सातपासून रांग लागते. सर्व्हर बंद पडला की शिव्या मला, अंगठा उमटला नाही की शिव्या मला, यादीत नाव नसले तरी मलाच. रागावलेल्या माणसाला प्रेमाने उत्तर द्या, असे सगळे सांगतात. रोज शंभर लोकांवर प्रेम कसे करायचे, तेवढे सांगा.

उत्तर : तुमच्या प्रश्नातला वैताग वाचून मला हसू आले, त्याबद्दल क्षमा असावी. शंभरांवर करायची गरज नाही, खिडकीत एका वेळी एकच माणूस असतो.

त्या माणसाचा अंगठा जरा निरखून पाहा. वर्षानुवर्षे खुरपणी आणि कापूस वेचणी केलेल्या बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. ज्या कष्टाने रेषा झिजल्या त्याच कष्टाचे पीक पाण्यात गेले, आणि त्याची भरपाई मागायला आल्यावर यंत्र सांगते की तुम्ही तुम्ही नाहीत. कोणाचेही डोके फिरेल. तुम्ही त्या यंत्राच्या शेजारी बसलेले असता, एवढाच तुमचा गुन्हा. तेव्हा शिवी तुमच्या नावाने आली तरी ती तुमच्या पत्त्यावरची नाही, हे मनात धरून कामाच्या गोष्टी करा. हात धुऊन पुसायला सांगा, दुसरे बोट घेऊन पाहा, डोळ्याचे यंत्र असेल तर ते वापरा. सर्व्हर बंद पडला तर "बंद आहे" एवढ्यावर न थांबता "अकरा वाजता पुन्हा बघतो, तोवर सावलीत बसा" असे सांगा आणि अकरा वाजता खरेच उठून सांगा, मग तो सुरू झालेला असो वा नसो. माणूस थांबण्याने जेवढा चिडतो, त्याहून किती थांबायचे हे न कळल्याने अधिक चिडतो. बाहेर एक माठ ठेवा. यादीत नाव नसलेल्याला तोंडी "तलाठ्याकडे जा" न म्हणता चिठ्ठीवर काय मागायचे ते दोन ओळींत लिहून द्या.

एका धोक्याची सूचना मात्र देते, कारण त्या खड्ड्यात मी स्वतः पडले आहे. शाळेत शिकवत असताना रागावून आलेल्या पालकांशी मी अत्यंत शांतपणे बोलत असे आणि मला त्याचा अभिमान होता. एकदा ऊसतोडीवरून परतलेला एक बाप मुलाचे नाव पटावरून कमी झाले म्हणून तावातावाने बोलत होता, आणि मी नेहमीच्या थंड आवाजात त्याला नियम सांगत होते. तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही ओरडला असता तरी चाललं असतं, पण तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही." मी खरोखरच हजेरीपटाकडे पाहून बोलत होते. शांतपणालाही माज चढतो, आणि तो ओरडण्यापेक्षा खोल लागतो. तेव्हा तुम्हाला एखाद्या दिवशी शांत राहता आले नाही तरी चालेल. स्क्रीनवरून डोळे काढून त्याच्याकडे पाहा.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरात वसतिगृहावर राहून शिकतो. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा जातीवरून टोमणे मारतो आणि मी काही बोललो की तोच अंगावर येतो. घरचे म्हणतात, आपण शिकायला आलो आहोत, प्रेमाने घे. रागाला प्रेमाने उत्तर देण्याचा हा उपदेश नेहमी आम्हालाच का केला जातो? अन्याय करणारा चिडतो तेव्हाही शांत आम्हीच राहायचे का?

उत्तर : तुमच्या प्रश्नातला संताप मला रास्त वाटतो. त्या मुलावर प्रेम करा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. तसे सांगण्याचा अधिकार मला नाही.

मन शांत ठेवण्याबद्दल मात्र दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, आणि त्यांतली एक तुमच्या शहरातच आहे. नागसेनवनाला ज्यांचे नाव आहे त्या भिक्षू नागसेनांशी मिलिंद राजा वाद करायला निघाला, तेव्हा नागसेनांनी आधी अट घातली. विद्वान जसा वाद करतात तसा करणार असाल तर मी बोलेन, राजे करतात तसा असेल तर बोलणार नाही. फरक विचारल्यावर त्यांनी सांगितले की, विद्वानांच्या वादात चूक दाखवली जाते, ती मान्यही केली जाते आणि त्यावरून कोणी रागावत नाही. राजे मात्र त्यांचे म्हणणे अमान्य करणाऱ्याला शिक्षा फर्मावतात. समोर सत्ता होती आणि हातात भिक्षापात्र होते, तरी बोलणे कोणत्या पातळीवर होईल हे भिक्षूने ठरवले. तुम्हालाही तेवढेच करता येईल : "या विषयावर नीट बोलायचे असेल तर मी तयार आहे, असे बोलणार असशील तर मी येथे थांबणार नाही आणि तू जे म्हणालास ते लिहून ठेवणार आहे." हे वाक्य थरथरत्या आवाजात आले तरी चालेल.

दुसरी गोष्ट महाडची. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर, हे लोक आता देवळात शिरणार आहेत अशी अफवा उठली आणि परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. माणसे जेवत होती, परतीच्या वाटेवर होती, अशा वेळी त्यांना मारले गेले. उलट हात उचलणारी माणसे बाबासाहेबांच्या बाजूला कमी नव्हती. त्यांत सैन्यातून निवृत्त झालेलेही होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. परंतु तेथे प्रकरण मिटवून ते घरी गेले नाहीत. डिसेंबरात पुन्हा महाडला परिषद भरली आणि तळ्याचा हक्क न्यायालयात लढवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. दहा वर्षे राग जपून ठेवणे कोणालाच जमत नाही. दहा वर्षे खटला चालवायला मन थंड असावे लागते. तुम्हाला केला जाणारा उपदेश आणि हे शांत राहणे यांत जो फरक आहे, तो तुम्ही नीट ओळखला आहे. उपदेशात पुढची दहा वर्षे गाळलेली असतात.

तेव्हा तारीख, वेळ, नेमके शब्द आणि त्या वेळी हजर असलेल्यांची नावे वहीत लिहीत जा. वसतिगृहाच्या प्रमुखांकडे तोंडी न सांगता लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. महाविद्यालयातील समान संधी कक्षाकडेही अर्ज देता येतो, आणि जातीवरून चारचौघांत अपमान केला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. लिहून ठेवण्याचा आणखी एक फायदा माझ्या पाहण्यात आहे : शब्द एकदा कागदावर गेले की ते रात्री डोक्यात फिरायचे थोडे कमी होतात. संध्याकाळी मित्रांबरोबर एक फेरी मारत जा. तो मुलगा तुमच्या अभ्यासाचे किती तास खातो, याचाही हिशेब ठेवा. ते तास परत मिळवणे तुमच्या हातात आहे.

घरच्यांवर रागावू नका, एवढे मात्र म्हणते. "प्रेमाने घे" हे त्यांनी भीतीपोटी म्हटलेले आहे. त्यांना तक्रारीची प्रत दाखवा.

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. आयुष्यभर मृदू स्वभावाचे होते, पण गेल्या सहा महिन्यांपासून माझ्यावर एकदम खेकसतात, विशेषतः संध्याकाळी. मी अधिक प्रेमाने वागायचा प्रयत्न करते, नामस्मरण करते, तरी फरक पडत नाही. मधुमेहाच्या गोळ्या सुरू आहेत. मी कुठे कमी पडते?

उत्तर : तुम्ही कुठेही कमी पडत नाही, आणि येथे प्रेमाच्या आधी तपासणी हवी आहे. आयुष्यभर मृदू असलेला माणूस सत्तरीनंतर सहा महिन्यांत बदलतो, तेव्हा त्यामागे बहुधा शरीराचे काही कारण असते. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी साखर गरजेपेक्षा खाली उतरली की घाम येतो, हात थरथरतात आणि माणूस विनाकारण चिडतो. दुपारचे जेवण कमी झाले असेल तर ते संध्याकाळी दिसते. लघवीतील जंतुसंसर्ग आणि रक्तातील सोडियम कमी होणे यांनीही वृद्धांचे वागणे बिघडते. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीलाही स्वभाव बदलतो, आणि त्यात दिवस मावळताना त्रास वाढलेला दिसतो. ऐकू कमी येत असेल तर सगळे आपल्याला टाळून आपसांत बोलत आहेत असे त्यांना वाटते, आणि त्याचा राग हाताशी असलेल्या माणसावर, म्हणजे तुमच्यावर, निघतो.

एका वहीत आठ-दहा दिवस लिहून ठेवा : किती वाजता चिडले, त्याआधी काय व किती वाजता खाल्ले, गोळी केव्हा घेतली, रात्री झोप कशी लागली. घरी साखर मोजायचे यंत्र असेल तर चिडल्या वेळी ती मोजा, आणि ७० च्या खाली आली तर लगेच साखरेचे पाणी द्या. घाम, थरथर किंवा भ्रम दिसला तर आठ दिवस थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. वही, सगळ्या औषधांच्या पट्ट्या आणि सासरे यांना घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि जाताना यजमानांनाही बरोबर न्या, कारण हे काम तुमच्या एकटीचे नाही. नामस्मरण तुमच्यासाठी चालू ठेवा, त्यांच्या साखरेवर त्याचा भार टाकू नका.

काय निघाले ते मला अवश्य कळवा. नुसता कानातला मळ निघाला तरीही लिहा. असे एक पत्र मला पूर्वी आले होते आणि त्या घरातले भांडण त्याच आठवड्यात मिटले होते.